भिंतीवरचे कालनिर्णय आणि ऑफिसातला कॉम्प्युटर

(नाशिक येथे शाळांमधील शिक्षिका आणि शिक्षकेतर भगिनींसाठी घेतलेल्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

मला आज कॉम्प्युटरवर बोलायला बोलावले आहे, पण सुरुवात मी स्वयंपाकघरापासून करणार आहे. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरात कालनिर्णय टांगलेले आहे? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्याच. १९७३ सालापासून ते मराठी घरात आहे. त्यावर एकादशी, चतुर्थी, सण हे सगळे छापलेले असते. पण त्या चौकोनांत आपण स्वतःच्या हाताने काय लिहितो? दूध किती आले, सिलिंडर कधी लावला, भिशीचा हप्ता कधी, मुलीची परीक्षा कधी, सासूबाईंचे डोळे तपासायला कधी न्यायचे. आणि महिन्यातून एखाद्या चौकोनात एक बारीक टिंब असते. ते टिंब कशाचे, हे काढणारीलाच माहीत असते.

म्हणजे दहा जणांचे वेळापत्रक एका कागदावर सांभाळणे, काय सगळ्यांना दिसू द्यायचे आणि काय टिंबावर भागवायचे हे ठरवणे, हे काम आपण लग्न झाल्या दिवसापासून करतो आहोत. त्याला कोणी कौशल्य म्हटले नाही, एवढेच. आज कॉम्प्युटरवर जे शिकायचे आहे ते याहून अवघड नाही. तेव्हा ‘आम्हाला जमेल का’ हा प्रश्न आज इथे कोणी विचारायचा नाही.

मी १९८८ साली नाशिकमधल्या एका शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. मराठी टायपिंगची परीक्षा पास होते. हजेरीपट, पगारबिले, दाखले, सगळे टाइपरायटरवर, कार्बन घालून. नाशिकला १९८९ साली मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि घर-नोकरी सांभाळून मी तिथून पदवी घेतली. मग शाळेत कॉम्प्युटर आला. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, प्लास्टिकच्या आवरणाखाली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. दहा वर्षे टाइपरायटर बडवलेल्या मला सांगण्यात आले, “मॅडम, तुम्ही नका हात लावू, बिघडेल.” आणि ज्या सरांना कळफलकावर ‘क’ कुठे आहे ते शोधायला अर्धा मिनिट लागायचे, ते ‘कॉम्प्युटर प्रमुख’ झाले. २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले, तेव्हा आम्हा बायकांना त्या खोलीत प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाला तो काम करण्यासाठी. किल्ली मात्र त्यांच्याच खिशात राहिली.

आजही फार वेगळे नाही. कॉम्प्युटरवर माहिती भरणारे हात बहुतेक शाळांत आपले आहेत. यूडायस प्लसची माहिती, शालार्थची पगारबिले, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, शालेय पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, सगळे आपण भरतो. पण कॅलेंडर कोण ठरवतो? शासन निर्णय कोण शोधतो आणि त्यात काय लिहिले आहे ते कोण सांगतो? मला आज एवढेच म्हणायचे आहे की या दोन गोष्टी, वेळेची नोंद आणि माहितीचा शोध, आपल्या हातात आल्या पाहिजेत. बाकीचा कॉम्प्युटर सावकाश शिकू.

आधी कॅलेंडर

आमच्या शाळेत एकदा संस्थेतल्या एका उत्साही माणसाने सगळ्यांसाठी गुगलचे कॅलेंडर सुरू केले. चांगली गोष्ट होती. परीक्षा, सभा, बिलांच्या तारखा सगळे त्यात आले. फक्त ते त्याने स्वतःच्या खाजगी खात्यावर केले. वर्षाने त्याचे संस्थेशी बिनसले, तो गेला, आणि ऐन सहामाहीच्या तोंडावर कॅलेंडरही गेले. पासवर्ड मागायला आम्ही त्याच्या घरी गेलो, ती गोष्ट मी इथे सांगत नाही.

तेव्हा पहिली सूचना. खाते शाळेच्या नावाने उघडा, माणसाच्या नावाने नको. पासवर्ड विसरला तर ज्या फोनवर संदेश येतो तो नंबर शाळेचा असू द्या. पासवर्ड किमान दोघींना माहीत असावा, आणि एका बंद पाकिटात लिहून ऑफिसच्या कपाटात ठेवावा. डेडस्टॉक रजिस्टर जसे एकाच्या घरी राहत नाही, तसेच हे.

दुसरी सूचना. त्या खात्यात ‘शालेय कामकाज’ असे एक नवे, वेगळे कॅलेंडर तयार करा. हे काम फोनवर न करता कॉम्प्युटरवर करा. डाव्या बाजूला ‘इतर कॅलेंडरे’ असे दिसते, तिथल्या अधिकच्या चिन्हावर गेले की नवे कॅलेंडर तयार करता येते. मग त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेकीचा ईमेल घालून ते तिच्याशी शेअर करायचे. तिथे कॉम्प्युटर विचारतो, हिला किती अधिकार द्यायचा? चार पायऱ्या आहेत. पहिलीत तुम्ही मोकळ्या आहात की कामात, एवढेच दिसते. दुसरीत सगळा तपशील दिसतो, पण बदलता येत नाही. तिसरीत नोंद घालता-बदलता येते. चौथीत आणखी कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, हेही ठरवता येते.

ही चौथी पायरी म्हणजे किल्ली. ती कोणाकडे आहे, हे आपापल्या शाळेत सोमवारी जाऊन बघा. ती किमान दोघांकडे असावी, आणि त्यांतली एक बाई असावी, असा आग्रह धरा. शिपाईमावशींना ‘फक्त पाहा’ आणि कालच आलेल्या सरांना ‘सगळे बदला’, असे का, हेही विचारा.

तिसरी सूचना नोंद कशी लिहायची याबद्दल. नुसते ‘सभा’ लिहू नका. काय, कोणी करायचे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे लिहा. दर महिन्याला येणारी गोष्ट, उदाहरणार्थ पगारबिल, एकदाच घालून ‘दर महिन्याला पुन्हा’ असे निवडा. सूचना दोनदा येईल अशी लावा, सात दिवस आधी एक आणि आदल्या दिवशी एक. ‘आज सायंकाळी पाचपर्यंत माहिती सादर करावी’ अशी तातडीची पत्रे येतातच, ती काही कॅलेंडरने थांबत नाहीत. पण वर्षानुवर्षे त्याच महिन्यात येणारी माहिती दरवर्षी ‘तातडीची’ का होते? कारण ती कोणी लिहून ठेवलेली नसते, आणि मग रात्री साडेदहाला ग्रुपवर संदेश पडतो. त्या वेळी सर टीव्ही बघत असतात आणि आपण उद्याची भाजी निवडत असतो. आमच्या शाळेत शेवटी आम्ही ठरवून घेतले की रात्री आठनंतर ग्रुपवर काम सांगायचे नाही, ते कॅलेंडरमध्ये घालायचे. महिनाभर कुरबुर झाली. मग सवय झाली.

आता एक गंमत सांगते. नोंदीत कोणी करायचे हे लिहायला लागल्यावर, एका महिन्याच्या शेवटी आम्ही चौघीजणी ते पान बघत बसलो. रांगोळी, पाहुण्यांचे औक्षण, स्वागतगीत, चहा-फराळ, मुलींची समजूत काढणे, आजारी मुलाला घरी पोचवणे, या सगळ्यांपुढे बायकांची नावे. सहलीचा हिशेब, बोर्डाच्या ऑफिसात जाणे, जिल्हा परिषदेत बैठकीला जाणे, यांपुढे पुरुषांची. इतकी वर्षे आम्ही हे बोलत होतो, पण ‘तुम्हा बायकांना उगाच वाटते’ यापुढे गाडी जात नव्हती. या वेळी पान छापून आम्ही ते स्टाफरूममध्ये लावले, एक शब्दही न बोलता. पुढच्या महिन्यात दोन सरांच्या नावापुढे फराळ आला आणि आमच्यातली एक बोर्डाच्या ऑफिसात गेली. क्रांती झाली असे मी म्हणत नाही. पण श्रमाची विभागणी डोळ्यांना दिसली की तिच्यावर बोलता येते.

छापण्यावरून आठवले. सगळ्यांकडे स्मार्टफोन आहे असे समजू नका. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, झाडलोट करणाऱ्या मावशी, यांच्या घरी फोन असला तरी तो बहुधा मुलाच्या हातात असतो. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या शाळांत रेंजसाठी टेकडीवर जावे लागते, हे तिथून आलेल्या मैत्रिणी सांगतील. म्हणून दर महिन्याचे पान मोठ्या अक्षरात छापा आणि स्वयंपाकाच्या खोलीबाहेर लावा. उद्या सुट्टी आहे, तांदूळ भिजवू नका, हे त्या ताईला सकाळी सात वाजता शाळेच्या दारात कळू नये.

आणि शाळा व्यवस्थापन समितीचे बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत निम्म्या बायका हव्यात असे सांगितले. कागदावर त्या असतात. पण बैठक ठेवतात सकाळी अकराला. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची तोडणी जोरात असताना अकराच्या बैठकीला यायचे, म्हणजे त्या बाईने दिवसाची मजुरी बुडवायची. ती येत नाही, तिचा अंगठा किंवा सही नंतर घरी जाऊन घेतात, आणि ‘बायकांना रस नसतो’ असे वर बोलतात. कॅलेंडर तुमच्या हातात असेल तर त्यात छाटणी, तोडणी, कांद्याची लागवड, आठवड्याचा बाजार हेही घाला. मग बैठकीची वेळ ठरवा. २०२७ च्या सिंहस्थातल्या पर्वणीच्या तारखाही आत्ताच घालून ठेवा. त्या दिवसांत एसटी आणि रस्ते यांचे काय होते, ते २०१५ साली आपण पाहिले आहे.

आता ते टिंब

मैत्रिणींनो, आता जरा गंभीर बोलते. कॅलेंडर सगळ्यांना दिसते, हा त्याचा गुण आहे आणि धोकाही. एका शाळेत रजेच्या नोंदीपुढे कारण लिहायची पद्धत पडली. कोणीतरी सरळ मनाने एका शिक्षिकेच्या नावापुढे ‘कोर्टात तारीख’ असे लिहिले. तिचा नवरा त्याच शाळेतल्या एका सरांच्या ओळखीचा. तिने कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध अर्ज केला आहे, हे त्याला नोटीस पोचायच्या आधी कॅलेंडरमधून कळले. त्या रात्री तिच्या घरी काय झाले असेल, ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

म्हणून नियम असा. सामायिक कॅलेंडरमध्ये फक्त ‘रजा’ लिहायचे. दवाखाना, कोर्ट, माहेर, पाळी, गर्भपात, मुलाची समुपदेशकाकडची भेट, काही नाही. कारण रजेच्या अर्जात लिहिलेले असते, तो अर्ज कपाटात असतो, तेवढे पुरे. तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लिहायचे असेल तर ते खाते घरच्या कोणाच्या फोनवर उघडे नाही ना, हे आधी तपासा. अनेकींचा ईमेल नवऱ्याने किंवा भावाने उघडून दिलेला असतो आणि तो त्यांच्याही फोनवर चालू असतो. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर ‘तुमची उपकरणे’ अशी यादी असते. तिथे हे खाते कोणकोणत्या फोनवर उघडे आहे ते दिसते. अनोळखी फोन असेल तर तिथूनच तो बंद करता येतो. पण आधी विचार करा. एकाएकी बंद केल्याने घरात संशय येऊन त्रास वाढणार असेल, तर त्या खात्याला हात लावू नका. नवे खाते शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडा आणि काम झाले की त्यातून बाहेर पडा.

लैंगिक छळाच्या तक्रारींचेही तसेच. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकाल दिला तेव्हा आम्ही त्याच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. त्यानंतर कायदा यायला २०१३ साल उजाडले. या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तिची अध्यक्ष बाई हवी. दहाहून कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. त्यातल्या मुदती मात्र कडक आहेत. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. ती संपल्यावर १० दिवसांत अहवाल, आणि अहवालानंतर ६० दिवसांत मालकाने त्यावर कृती करायची.

या मुदती कोण मोजते? बाई धक्क्यात असते, समितीला सवड नसते, दिवाळीची सुट्टी मध्ये येते आणि तीन महिने निघून जातात. मग मुदत संपली म्हणून तक्रार फेटाळली जाते. हे मोजायचे काम कॉम्प्युटरला द्या. पण ते शालेय कॅलेंडरमध्ये नको. समितीचे वेगळे कॅलेंडर करा, ते फक्त समितीच्या सदस्यांना दिसेल असे ठेवा, आणि त्यातही नाव घालू नका. ‘बैठक’, ‘मुदत’ एवढेच. तक्रारदार बाईचे नाव आणि चौकशीचा तपशील उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. कालनिर्णयावरचे टिंब आपल्याला आईने शिकवले, ते इथे उपयोगी पडते.

शोधायचे कसे

आता दुसरी गोष्ट, माहितीचा शोध. इथेही एक अनुभव सांगते.

आमच्या एका शिक्षिकेची मुलगी दहावीत होती आणि आजारी पडली. तिने रजा मागितली. उत्तर मिळाले, “बालसंगोपन रजा केंद्र सरकारच्या बायकांना. आपल्याकडे नाही.” ती गप्प बसली. मी तिला म्हटले, “ताई, बसा इथे. आपण बघू.” आम्ही गुगलवर इंग्रजीत ‘चाइल्ड केअर लीव्ह’ लिहिले. ढीगभर उत्तरे आली. सगळीकडे ७३० दिवस, म्हणजे खरोखरच केंद्र सरकारची रजा. तिचा चेहरा पडला. मग माझ्या लक्षात आले की आपण आपल्या शब्दांत शोधतो आहोत. शासन निर्णय लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल? मराठीत ‘बाल संगोपन रजा’, दोन शब्द वेगळे, आणि त्यापुढे ‘शासन निर्णय’ असे लिहिले. सापडला. राज्याच्या वित्त विभागाचा, जुलै २०१८ चा. १८० दिवसांची रजा, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. ती कोणाकोणाला लागू, ते आतल्या परिच्छेदांत होते. अनुदानित शाळाही त्यात होत्या. आम्ही प्रत काढली, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि अर्जाला जोडली. रजा मंजूर झाली. कोणी माफी मागितली नाही, पण रजा मंजूर झाली.

यातून ज्या युक्त्या आम्ही शिकलो, त्या वहीत लिहून घ्या.

एक. ज्या कागदात उत्तर आहे, त्या कागदाची भाषा वापरा. आपण म्हणतो ‘बाळंतपणाची रजा’, सरकार म्हणते ‘प्रसूती रजा’. आपण ‘बदली’ म्हणतो, तर कधी कागदावर ‘समायोजन’ असते. आणि शुद्धलेखनाच्या दोन्ही तऱ्हा करून बघा. ‘प्रसूती’ आणि ‘प्रसुती’, ‘बालसंगोपन’ आणि ‘बाल संगोपन’. कागद टाइप करणाराही आपल्यासारखाच माणूस असतो.

दोन. शब्द जसेच्या तसे आणि त्याच क्रमाने हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. नको असलेला शब्द काढायचा असेल तर त्याच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाबाकीचे चिन्ह द्या. ‘केंद्र’ नको असेल तर वजा केंद्र.

तीन. फक्त सरकारी संकेतस्थळावर शोधायचे असेल तर इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, लगेच अपूर्णविरामाची दोन टिंबे, आणि त्याला चिकटून महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहा. मग एक जागा सोडून आपले शब्द. कोचिंगवाले, जाहिरातवाले सगळे गळून पडतात. ज्या उत्तरावर ‘प्रायोजित’ असे असते, ते पैसे देऊन वर आलेले असते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे का, ते पाहा. बँकेचा किंवा गॅसचा तक्रार नंबर तर कधीही शोधलेल्या पहिल्या उत्तरावरून लावू नका. पासबुकावर आणि बिलावर छापलेला नंबरच लावा.

चार. शोधूनही काही सापडले नाही म्हणजे तो निर्णय नाहीच, असे समजू नका. जुने कितीतरी कागद श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतात, पण कॉम्प्युटरच्या पोटात ती अक्षरे वेगळीच असतात. काही तर नुसते कागदाचे फोटो आहेत. गुगलला ते वाचता येतीलच असे नाही. अशा वेळी शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जा, विभाग निवडा, तारखा घाला आणि यादी वाचा. विभाग नीट निवडा. रजेचा निर्णय आपण शालेय शिक्षण विभागात शोधत बसतो आणि तो असतो वित्त विभागात.

पाच. निर्णयाच्या शेवटी संकेतांक म्हणून एक लांबलचक आकडा असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कोणी सांगितले की ‘असा जीआर निघाला आहे’, तर वाद घालू नका. शांतपणे विचारा, “सर, तारीख आणि संकेतांक द्या ना, मी काढते.” अर्धे जीआर इथेच नाहीसे होतात.

सहा. निर्णयाच्या सुरुवातीला ‘वाचा’ असे लिहून आधीच्या निर्णयांची यादी दिलेली असते. ती सोडू नका. कोणता निर्णय कोणावरून आला, हे तिथे कळते. आणि त्यानंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का, हा निर्णय पुढे अधिक्रमित झाला आहे का, तेही बघा. जुना निर्णय घेऊन भांडायला गेलो तर हसे आपलेच होते.

सात. हल्ली शोधले की सगळ्यात वर कॉम्प्युटरनेच लिहिलेले आयते उत्तर येते. भाषा छान असते, आत्मविश्वास तर विचारू नका. पण ते चुकते. केंद्राची रजा राज्याच्या नावावर घालते, जुनी मुदत नवी म्हणून सांगते. त्यावरून दिशा घ्या. अर्जाला मात्र मूळ कागदच जोडा. केंद्राचा कायदा हवा असेल तर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर तो पूर्ण मिळतो.

आणि शोधलेले लपवायचे कसे

शेवटचा मुद्दा. शाळेतला कॉम्प्युटर दहा जण वापरतात. आपण काय शोधले, ते त्यात राहते. एखादी मैत्रीण मधल्या सुट्टीत येऊन ‘घटस्फोट पोटगी’ असे शोधून जाते, कारण घरी तिचा फोन तपासला जातो. पुढच्या तासाला दुसरे कोणी ‘घ’ लिहिले की ते शब्द समोर येतात. मग स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू होते.

अशा शोधासाठी ब्राउझरमध्ये गुप्त खिडकी उघडायची सोय असते. उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जा. खिडकी बंद केली की त्या कॉम्प्युटरवर शोधाची नोंद राहत नाही. पण फसू नका. त्या खिडकीत जाऊन आपल्या खात्यात शिरलात, तर खात्यात नोंद होऊ शकते. आणि शाळेचे नेटवर्क सांभाळणाऱ्याला कोणती संकेतस्थळे उघडली ते कळू शकते. उतरवून घेतलेली फाइलही कॉम्प्युटरवर तशीच राहते, ती आठवणीने काढा. जिवाला धोका असेल तर कॉम्प्युटर सोडा. शेजारणीच्या फोनवरून १८१ ही महिला हेल्पलाइन लावा किंवा ११२ लावा.

आणि ऑफिसात बसणाऱ्या माझ्या लिपिक भगिनींनो, तुमच्यासाठी एक विनंती. कोणी बाई कॉम्प्युटरपाशी येऊन घुटमळत असेल तर ‘काय काम आहे’ असे सगळ्यांसमोर विचारू नका. खुर्ची द्या, गुप्त खिडकी उघडून द्या आणि चहा घ्यायला उठून जा. आपल्या हातात किल्ली आली म्हणजे आपण नवे कॉम्प्युटर प्रमुख व्हायचे नाही. ज्या दारात आपल्याला चपला काढायला लावल्या, तिथे दुसरीला उभे ठेवायचे नाही.

आता सोमवारी काय करायचे ते सांगते आणि थांबते. शाळेचे कॅलेंडर कोणाच्या खात्यावर आहे, ते विचारा. त्यातल्या रजांपुढची कारणे पुसा. अंतर्गत समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावली आहेत का, ते पाहा. आणि ‘आपल्याकडे असे काही नाही’ असे तुम्हाला आजवर जे जे सांगण्यात आले, त्यातली एक गोष्ट निवडा आणि स्वतः शोधा. एकटीने नको, दोघींनी बसा. एकीने शब्द सुचवायचे, दुसरीने टाइप करायचे. सापडले की त्याची प्रत काढून तिसरीला द्या.

त्या शिक्षिकेची मुलगी दहावी पास झाली, हे सांगायचे राहिले. पुढच्याच वर्षी तिच्या आईने पेठच्या एका शाळेतल्या बाईंना तोच निर्णय शोधून दिला. फोनवर बोलत बोलत, पंचवटीतल्या आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून. त्यानंतर तिने मला विचारले होते, “बाई, संकेतांकाचे पहिले आठ अंक म्हणजे तारीखच ना?” मी म्हटले, “हो.” ती म्हणाली, “मग आता मला कोणी फसवू शकत नाही.”

एवढेच. आता कॉम्प्युटर लावा, आपण करून बघू.